राहिलेले चार ठोके

२२ नोव्हेंबर, शनिवार. आज तुमचं कपाट रिकामं करायला घेतलं.

अब्बा, इम्तियाज म्हणाला, "एवढी काय घाई, शमीम? अजून आठवडाच झालाय." तुमचा मुलगा अगदी तुमच्यावर गेलाय, अवघड काम दिसलं की त्याला 'इंशाल्ला' आठवतं. मला घाई आहे. खोली तशीच ठेवली की घरातली माणसं तिच्या दारावरून चोरपावलांनी जायला लागतात. मला तसलं घर नको. म्हणून सकाळी मशीन लावलं, पलंगावर जुनी चादर पसरली आणि तुमचे कपडे वेगळे करायला बसले. काही द्यायचे, काही ठेवायचे, काही फेकायचे. सदरे चांगले आहेत, ते आपल्या खेडच्या मुलांना जातील. लुंग्या विरल्यात, त्यांची फडकी होतील. मफलर मी ठेवून घेतला. आठवण म्हणून नाही. ऑफिसातला एसी थेट माझ्या मानेवर येतो.

खालच्या खणात, बुटांच्या मागे, हिरव्या टॉवेलात गुंडाळलेली ती होती. ती तिथेच असणार हे मला माहीत होतं. तरी हात लागल्यावर मी तो मागे घेतला. टॉवेलाच्या आत लोलक हलला, बारीकसा आवाज झाला, आणि बाहेरून झोयाने विचारलं, "मम्मी, इज दॅट द डोअर?"

"नाही. दादांची घंटा."

तुमची नात दारात येऊन उभी राहिली. "द लाँच वन? व्हॉट आर यू गोइंग टू डू विथ इट?"

तेच तर. सकाळपासून तीन ढीग झाले होते आणि ही कुठल्याच ढिगात जात नव्हती.

आपलं भांडण अर्धवट राहिलंय, अब्बा, आणि ते या घंटेवरून. पंधरा ऑगस्टला मी झेंडावंदनाहून परत आले होते. तुम्ही कधीच यायचा नाहीत. सकाळी सातलाच घामाच्या धारा लागतात हे तुमचं एक कारण. दुसरं कारण तुम्ही मला फार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. "या तारखेला मी दोनदा सुटलो गो इंग्रजाच्या हातून. एकदा बापाच्या खांद्यावर बसून, नि एकदा बेकार होऊन." पहिल्या वेळी तुम्ही पाच वर्षांचे होता, गावच्या शाळेसमोर. दुसऱ्या वेळी इथे होता. बहरीनही पंधरा ऑगस्टलाच मोकळा झाला. इथला राष्ट्रीय सण डिसेंबरात असतो, त्यामुळे आपल्या लोकांच्या ते लक्षातही नसतं. तुमच्या मात्र असायचं.

तर मी लाडूचा पुडा टेबलावर ठेवला, आणि पाहते तर तिथे आधीच ही घंटा, घासून लख्ख केलेली. चिंच लावून घासली होतीत. माझी चिंच.

"ही हसनला दे," तुम्ही म्हणालात.

"तुम्ही द्या."

"मी कुठं जाऊ आता? पाय चालत नाय."

"कालच मासळी बाजारात गेला होता. पापलेटासाठी पाय चालतात."

"शमीम, चेष्टा नाय करत मी."

"मीही नाही करत. इतकी वर्षं ईदला त्याच्याकडे मी डबा नेला. घंटा नाही नेणार. ती तुमची तुम्ही न्या, आणि काय बोलायचं ते त्याच्या तोंडावर बोला."

"थंडी पडू दे," तुम्ही म्हणालात. "इंशाल्ला, थंडी पडल्यावर जाऊ."

थंडी पडली, आणि तुम्ही गेलात.

मी तेव्हा बोलले ते बरोबरच होतं. आजही मला ते बरोबरच वाटतं. अडचण एवढीच की समोरचा माणूस उत्तर द्यायला राहिला नाही की बरोबर असण्याचा काही उपयोग होत नाही.

ही हकीकत तुम्ही मला एका बैठकीत कधीच सांगितली नाहीत. तुकड्यातुकड्यांनी सांगितलीत, आणि तीसुद्धा गाडीत, कारण गाडीत माझं लक्ष रस्त्यावर असतं आणि तुमच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. उरलेलं अम्मींनी सांगितलं होतं, त्या असताना.

तुम्ही इंग्रजांच्या धक्क्यावर लाँचीचे सुकाणी होतात. वर सुकाणूवर तुम्ही, खाली इंजिनावर हसन. तो इथला, सित्राचा, तुमच्याच वयाचा. इंजिनाच्या धडधडीत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून दोघांमध्ये ही घंटा. एक ठोका म्हणजे पुढे. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे मागे. आणि संध्याकाळी लाँच धक्क्याला बांधली की चार: खलास, इंजिन बंद कर, घरी चल. हसनला हिंदी तुम्ही शिकवलीत आणि अरबी तुम्हाला त्याने. दोघांच्याही आया हसल्या असत्या अशी, असं अम्मी म्हणायच्या. दुपारी तो घरून भात आणायचा, तुम्ही सुकटीची चटणी. अम्मी गावाहून नव्या आल्या तेव्हा त्यांना पहिली भेट मिळाली ती हसनच्या बायकोकडून, उम्म अलीकडून: एक डेगचा आणि वर खजूर. रिकामं भांडं कुणाच्या घरी पाठवायचं नसतं, हे अम्मींना सांगावं लागलं नाही. आपल्याकडेही तसंच आहे.

मग इंग्रज जाणार हे ठरलं. धक्क्यावरच्या इथल्या लोकांना धास्ती पडली की साहेब गेल्यावर आपलं काय. जाण्याआधी आमच्या नोकऱ्यांचं लेखी करून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. साहेब आज-उद्या करत होते. तेव्हा त्यांनी ठरवलं की एक दिवस एकही लाँच हलवायची नाही. हसनने तुम्हाला आदल्या दिवशी सांगितलं, "भाई, उद्या येऊ नकोस. पोट दुखतं म्हण."

तुम्ही गेलात.

इथे आलं की तुम्ही नेहमी गाडीची काच थोडी खाली करायचा, बाहेर आग असली तरी. लाँचीचा एक कायदा होता. घंटा वाजली आणि इंजिन सुरू झालं नाही, तर दोष इंजिनावरच्या ड्रायव्हरचा. घंटा वाजलीच नाही, तर दोष सुकाण्याचा. त्या सकाळी साहेब येऊन लाँचीत बसला. हसन खाली हात बांधून बसला होता. साहेब तुमच्याकडे बघत होता. तुम्ही घंटेची दोरी हातात धरली होती. दोरी ओढली असती तर हसन गेला असता, नसती ओढली तर तुम्ही. अम्मींना सातवा महिना होता. पोटात इम्तियाज. तुमचं परमिट त्या साहेबाच्या सहीवर.

तुम्ही एक ठोका दिलात.

इंजिन सुरू झालं नाही. हसन हात पुसत वर आला. साहेबाकडे त्याने बघितलं नाही, तुमच्याकडे बघितलं, आणि धक्क्यावरून चालत गेला. दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकलं. पुढे काही महिन्यांनी इंग्रजच गेले, आणि तुमचीही नोकरी गेली. लाँच भंगारात निघाली तेव्हा तुम्ही एवढी घंटा मागून घेतलीत.

"बट दादा वॉज ऑन द राँग साइड, राइट?" झोयाने एकदा जेवताना विचारलं होतं. तिच्या वयाला बाजू दोनच असतात. मी तिला गप्प करणार होते, पण तुम्हीच हात वर केलात.

"विचारू दे तिला. मला बी सांग बाय, कोणची बाजू माझी? नोकरी इंग्रजाची, पासपोर्ट हिंदुस्थानचा, आणि झोपायला जागा बहरीनची. उशी कुठं ठेवू नि पाय कुठं करू?"

झोया म्हणाली, "युवर फ्रेंड्स साइड, दादा."

तुम्ही ताट पुढे ओढलंत. मग म्हणालात, "मासा थंड झाला."

तुमचे वडील इंग्रजांविरुद्ध तुरुंगात गेलेले. मुंबईला बोटीवर चढताना ते तुम्हाला म्हणाले होते, "ज्यांना घालवायला मी आत बसलो, त्यांच्या मागं मागं तू निघालास?" मी तुम्हाला एकदा म्हटलंही, की घंटा वाजवली नसती आणि इंग्रजाने हाकलून गावी पाठवलं असतं, तर वडिलांनी बंदरावर येऊन हार घातला असता. तुम्ही हसलात. "घातला असता. चार दिवस गळ्यात घालून हिंडलो असतो. पाचव्या दिवशी त्यांनीच विचारलं असतं, आता बायकापोरांना काय घालणार?" मग हसू गेलं आणि म्हणालात, "पण घातला असता, हां. ते खरं."

आणि एकदा तुम्ही मला विचारलंत, "तुझ्या ऑफिसात असं झालं तर तू काय करशील?" आमचं ऑफिस मीना सलमान बंदरात, जकातीतून माल सोडवण्याचं काम, गोदामात ड्रायव्हर आहेत, हमाल आहेत, वर साहेब आहे. मी एका दमात म्हटलं, "मी त्यांच्याबरोबर बसून राहीन." तुम्ही म्हणालात, "घरातल्या सोफ्यावर सगळेच बसून राहतात गो." मला राग आला होता. आज तो प्रश्न परत आठवला. इम्तियाजचा करार मार्चपर्यंत आहे, पुढचं माहीत नाही. झोयाच्या शिक्षणाची दोन वर्षं बाकी आहेत. आता कुणी विचारलं तर मी पटकन उत्तर देणार नाही. आधी सगळ्यांच्या व्हिसाची तारीख बघेन.

हे तुम्हाला जिवंतपणी सांगितलं असतं तर तुम्ही फार खूश झाला असता. म्हणूनच सांगितलं नाही.

मी लग्न होऊन आले त्या वर्षीपासून रमजान ईदला तांदळाची गोड सांदणं करायचे आणि पहिला डबा सित्राला जायचा. आधी तुम्ही कुणाच्या तरी हाती पाठवायचा. मला लायसन मिळाल्यावर आपण दोघं जायला लागलो. लायसनही तुमच्यामुळे मिळालं. दोनदा नापास झाले होते, इम्तियाजने हात टेकले होते. तुम्हाला स्वतःला गाडी येत नव्हती, पण शेजारी बसून अंगठीने डॅशबोर्डवर ठोके द्यायचा. एक, दोन, तीन. मी ओरडायचे, "अब्बा, ही गाडी आहे, लाँच नाही." तुम्ही म्हणायचा, "पाणी नाय, एवढाच फरक." तिसऱ्यांदा मी पास झाले. मागे घेताना आजही माझ्या डोक्यात तीन ठोके पडतात. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले, ते आता मानते.

चार ठोके मात्र तुम्ही कधी दिले नाहीत. घरी पोचलो, गाडी लावली, तरी नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणालात, "चार संध्याकाळचे. त्या दिवशी द्यायचे राहिले. खाली ड्रायव्हरच नव्हता. मग पुढं कोणालाच दिले नाय, तोंडानं सांगायचो, बस कर रे."

सित्राचा पूल ओलांडला की तुमचे ठोके थांबायचे. हसनच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, कोल्ड स्टोअर म्हणतात त्या किराणा दुकानाच्या बाजूला, दोन ठोके. मी थांबायचे. तुम्ही कधीच उतरला नाहीत. मी डबा घेऊन जायचे, बेल वाजवायचे, उम्म अली दार उघडायच्या, माझ्या गालाला गाल लावायच्या, डबा आत न्यायच्या आणि परत आणून द्यायच्या तेव्हा तो खजुरांनी भरलेला असायचा. हसन कधी दिसला नाही. निरोप कधी आला नाही. पण डबा भरलेला यायचा, आणि गाडीत तुम्ही तो मांडीवर घेऊन झाकण उघडून बघायचा. मग पुलावर पुन्हा ठोके सुरू. मी दरवर्षी म्हणायचे, "उतरा ना एकदा." तुम्ही दरवर्षी म्हणायचा, "पुढच्या ईदला."

या ईदला दार एका नव्या मुलीने उघडलं. घरकामाला ठेवलेली असावी. तिने डबा घेतला, आत गेली, आणि थोड्या वेळाने परत आणून दिला. धुतलेला, पुसलेला, रिकामा.

मी डबा घेऊन गल्लीत उभी राहिले. कोल्ड स्टोअर उघडं होतं. क्षणभर वाटलं, आत जावं, खजुराचं एक पाकीट घ्यावं आणि भरून टाकावं. पण तुम्ही काचेतून माझ्याकडेच बघत होता. गाडीत बसले तशी तुम्ही हात पुढे केलात. झाकण उघडलंत.

"रिकामा," तुम्ही म्हणालात.

परत येताना पूर्ण पुलावर तुम्ही डॅशबोर्डला हात लावला नाहीत. त्या दिवसापासून तुमचं काहीतरी बिघडलं. जेवण नीट, औषधं नीट, बीपी नीट. पण टीव्ही लावून त्याच्याकडे न बघता बसायला लागलात. मी समजावलं, नवीन मुलगी आहे, तिला काय ठाऊक. तुम्ही म्हणालात, "त्याच्या घरात त्याला न विचारता रिकामा डबा नाय जात. त्यानं खलास केलं." मी म्हटलं, "डबा म्हणजे कोर्टाचा निकाल आहे का? जाऊन विचारा." तुम्ही गेला नाहीत. ऑगस्टात घंटा बाहेर काढलीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं की तुम्ही त्याला त्याची वस्तू परत करून मोकळं व्हायला बघताय. मला तो निव्वळ आळस वाटला.

आता मी इथे ही घंटा मांडीवर घेऊन बसले आहे आणि मला भीती वाटते. मला सहसा वाटत नाही. तुमचं कार्ड रद्द करायला गेले, बँकेत गेले, कबरस्तानाच्या ऑफिसात इम्तियाजला शब्द सुचेनात तेव्हा मीच बोलले. पण हसनच्या दारात ही घेऊन जायचं म्हणजे ज्या वस्तूने त्याची नोकरी गेली तीच म्हाताऱ्याच्या हातात ठेवायची. त्याने ती फेकली तर? त्याला काही झालं तर? मुळात तो आहे का? रिकाम्या डब्याचा अर्थ असाही असू शकतो. आणि असला, तर विचारेल की आठवडा झाला, मला आज सांगता? तिसऱ्या दिवसापर्यंत कळवायचं असतं, एवढंही तुम्हाला कळत नाही? कळतं. तिसऱ्या दिवशी मी गाडीची चावी हातात घेतली होती. परत खिळ्याला अडकवली.

इम्तियाज म्हणतो, "राहू दे. जखम उकरून काय मिळणार?" झोया म्हणते, "जस्ट गो, मम्मी." दोघांचंही बरोबर आहे.

पण तुमचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, रिकाम्या डब्यात बघणारा. तुम्ही ते खरं मानून गेलात. ते खरं होतं की नाही, हे मला कळायलाच हवं. तुमच्यासाठी नाही, तुम्हाला आता काय उपयोग. माझ्यासाठी. जा म्हणून तुम्हाला मी सांगत होते. मग मी तरी का बसून राहू?

इथवर लिहून मी उठले. मशीन थांबलं होतं, कपडे वाळत घालायचे होते.

आज रविवार, इथला कामाचा दिवस. सकाळी ऑफिसला मेसेज केला की येत नाही, आणि निघाले. घंटा शेजारच्या सीटवर ठेवली तर वजनामुळे सीटबेल्टची पिकपिक सुरू झाली. शेवटी तिला बेल्ट लावला. तुम्ही बघायला हवं होतं.

पुलावर कंपन्यांच्या बसेसची रांग होती, माणसं काचेला डोकं टेकून झोपलेली. रिफायनरीच्या बाजूने वळले. कोपऱ्यावर, कोल्ड स्टोअरपाशी, पाय आपोआप ब्रेकवर गेला. मग मी तो उचलला आणि गाडी पुढे, थेट हसनच्या दाराशी नेली. आपण तिथवर कधी गेलोच नव्हतो.

बेल वाजवली. आतून काठीचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. दार उघडलं ते एका उंच, वाकलेल्या म्हाताऱ्याने. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांनी मला ओळखलं.

"आज ईद नहीं है," ते म्हणाले.

"नहीं है, चाचा."

त्यांनी माझ्या खांद्यावरून कोपऱ्याकडे बघितलं. "वो किधर है? कोने में गाडी में बैठा है?"

"नहीं, चाचा."

त्यांनी काठी दाराला टेकवली आणि चौकट धरली. मग विचारलं, "कब?"

मी सांगितलं. उशिरा आल्याबद्दल माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हाताने थांबवलं आणि आत बोलावलं. बैठकीत बसलो. ती मुलगी चहा घेऊन आली. ते म्हणाले, "उम्म अली रमजान में हॉस्पिटल में थी. फिर घर नहीं आयी." मी कप खाली ठेवला. मला हेही माहीत नव्हतं, अब्बा. आपल्या दोन घरांमध्ये एक डबा एवढाच रस्ता होता, आणि डबा बोलत नाही.

"ईद को मैं उसके पास था," हसन सांगत होते. "ये लडकी नयी थी. मैंने फोन पे बोला, इंडिया का डबा आयेगा, खजूर भर के देना." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भरा था ना?"

मुलगी दारात उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला.

"भरा था, चाचा," मी म्हटलं. "अब्बाने खाया."

तोंडावर खरं बोला, असं मी तुम्हाला इतकी वर्षं बजावत आले. आज माझ्यावर वेळ आली तर हे बोलले. तुम्ही हसत असाल तर हसा.

मग मी टॉवेल त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उलगडला. घंटा उचलताना पहिल्यांदा दोन बोटांनी आतला लोलक धरला, आवाज होऊ नये म्हणून. सवयीच्या माणसासारखा. फिरवून बघितली. "बहुत चमकाया है," ते म्हणाले. "तब तो काली रहती थी. मैं बोलता था घस, वो बोलता था, साहब का घंटा है, साहब घसेगा."

मी विचारलंच. त्यासाठीच गेले होते. "चाचा, आप अब्बा पे गुस्सा थे?"

"पहला साल बहुत था. मेरा मुल्क, मेरे लोग, और मेरा भाई घंटा मारता है. फिर इंग्रेज गया. फिर गुस्सा किस पे करेगा?" त्यांनी खांदे उडवले. "फिर आदत हो गया. मैं ऊपर खिडकी से देखता था, कोने में गाडी. उम्म अली बोलती, नीचे जाओ. मैं बोला, वो उतरेगा तो मैं उतरेगा. वो नहीं उतरा." घंटा मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "गधा." मग अरबीत आणखी काहीतरी, आणि छातीवर हात ठेवला. "मैं भी."

त्यांनी काठी मागितली. "यल्ला. ले चलो उसके पास."

तुमच्या जागेवर ते बसले, घंटा मांडीवर. पूल ओलांडला, मनामात शिरलो. लोलक त्यांनी वाटभर बोटांत धरून ठेवला होता. मी वेग कमी ठेवला. कबरस्तानाच्या भिंतीशी गाडी उभी केली आणि त्यांना गार हवा राहावी म्हणून इंजिन चालूच ठेवलं. कबरस्तानातलं ऊन बघितलं, किती चालावं लागेल याचा अंदाज घेतला, त्यांना उतरवायचं कसं याचा विचार करत होते.

तेवढ्यात त्यांनी लोलकावरची बोटं सोडली. घंटा एका हाताने उंच धरली, आणि दुसऱ्या हाताने लोलक हलवला. सावकाश, दोन ठोक्यांमध्ये सारखं अंतर ठेवून. एक. दोन. तीन. चार.

मी इंजिन बंद केलं, उतरले, आणि त्यांच्या बाजूचं दार उघडलं.